हिरीबाईची सीट

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण आमच्या कॉलनीत ती भलत्याच पद्धतीनं सांगितली जाते. गाडी मी दिखाव्यासाठी घेतली नाही. पाणीपुरवठ्याच्या कचेरीतला माझ्यासारखा वरिष्ठ लिपिक जुनी, पेट्रोलवरची, मागच्या दाराला ओरखडा असलेली गाडी घेऊन दिखावा तरी कोणाला करणार? गाडी मी हिरीबाईसाठी घेतली.

हिरीबाई माझी थोरली बहीण. मानोऱ्याजवळ आमच्या तांड्यावर राहते. दिवाळी झाली की तांडा रिकामा होतो, सगळे ऊस तोडायला कोल्हापूरकडे जातात. जायला मुकादमाचा ट्रक. दाजींचे गुडघे दुखतात म्हणून ते केबिनमध्ये बसतात आणि बाई वर बसते, भांडी, बोचकी आणि शेळ्यांच्या मधोमध. गुडघे तिचेही दुखतात, पण हे तिला कोणी विचारत नाही आणि ती कोणाला सांगत नाही. मला मात्र एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती, "गोप्या, एकडाव सीटवर बसून जा वाटते रे. पाठ टेकून. आपल्याच लोकांची गाडी पाह्यजे पन."

तेवढ्यावरून मी दसऱ्याला गाडी घेऊन तांड्यावर गेलो आणि सगळ्यांसमक्ष जाहीर केलं की यंदा हिरीबाई ट्रकमध्ये चढणार नाही. मी तिला कारखान्याच्या फाटकापर्यंत गाडीतून सोडणार. मुकादम किशन म्हणाला, "बोल्लास तं कर बरं बापा," आणि तांडा हसला. मला ते हसणं आवडलं नाही. आपल्या माणसांचा आपल्यावर विश्वास नसतो तो तेवढ्यापुरता, असं मी मनाशी म्हटलं.

मग बाई पूजेचं ताट घेऊन आली. दसऱ्याला आमच्याकडे कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं धुऊन पुजतात. तिनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "याचा जीव कुठं हाय?"

इथं मी जे केलं ते पुढं मला किती महागात पडलं ते कळेलच. मी रुबाबात बॉनेट उघडलं आणि इंजिनावरच्या चार काळ्या टोपणांवर बोट ठेवून सांगितलं, "हे पाह्य बाई, ह्या चारींच्या खाली ठिणगी पडते. तिथून गाडी पळते. जीव म्हंतला तं इथंच." हे मी कुठंतरी नुकतंच वाचलं होतं आणि ते वाया जाऊ नये असं मला वाटलं.

बाईनं चारही टोपणांना हळदकुंकू लावलं, वर तांब्याभर पाणी सोडलं आणि इंजिनाच्याच कडेवर नारळ फोडला. नारळ चांगला पाणीदार निघाला. तिनं ते सगळं पाणी जीवावर वाहिलं. मी हात जोडून उभा होतो. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले होते.

मंगरुळपीर यायच्या आत गाडी खोकायला लागली.

आधी मला वाटलं रस्ता खराब आहे. रस्ता खराब होताच, पण गाडी सपाट जागेवरही थरथरत होती. चढ आला की मागचा ऑटोवालासुद्धा हॉर्न वाजवून पुढं जायचा. कॉलनीत शिरलो तेव्हा शेजारचे उदयसिंग दारातच उभे होते. हे एसटीतून निवृत्त झालेले. एसटीत ते तिकिटांच्या हिशेबाला होते, पण एवढी वर्षं गाड्यांच्या शेजारी बसल्यामुळे यंत्राचं ज्ञान आपोआप अंगात मुरलं, असं त्यांचं मत आहे.

"पेट्रोलात पानी हाय," ते म्हणाले.

पाणी हा शब्द त्या दिवशी माझ्या कानावर पडला होता, हे आता आठवलं की मला फार वाईट वाटतं. पाणी बरोबर होतं, फक्त जागा चुकली होती. पण मी टाकी रिकामी करून घेतली, नवं पेट्रोल भरलं. गाडी खोकतच राहिली. मग उदयसिंग म्हणाले हवेचा फिल्टर बदला. बदलला. मग त्यांच्या पत्नी भागिरथाबाई म्हणाल्या, "नजर लागली नजर. कॉलनीत पैली चारचाकी हाय, लागनच." त्यांनी स्वतः लिंबू-मिरची बांधून दिली. ती बांधल्यावर गाडी खोकत होतीच, पण आता खोकताना मिरच्या हलायच्या.

माझी बायको निता मोजकं बोलते. तिनं खिडकीतून गाडीचा आवाज ऐकला आणि विचारलं, "तुमी गाडी घेतली का पेशंट?"

शेवटी मी शेलूबाजारला फय्याज मेकॅनिककडे गेलो. हायवेवरच्या निम्म्या जिपांचं आयुष्य फय्याजच्या हातात आहे आणि हे तो स्वतः सांगतो. दुसऱ्या कोणी सांगायची तो वाट पाहत नाही. त्यानं कान तिरका केला, डोळे मिटले आणि म्हणाला, "साहेब, एक सिलिंडर मरून राह्यलं."

"मंग?"

"मंग काय, जनाजा थोडीच काढाचा हाय? पाह्यतो."

पेट्रोल गाड्या त्याच्याकडे क्वचित येतात, पण त्यानं ते मला कळू दिलं नाही. त्यानं एक काळं टोपण उपसलं. त्याला कॉइल म्हणतात हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक सिलिंडरला एक कॉइल, तिच्या लांब नळीखाली खोल भोकात प्लग, आणि कॉइल मेली की ठिणगी नाही. फय्याजनं दुसऱ्या नंबरची कॉइल तिसऱ्यावर लावली, तिसऱ्याची दुसऱ्यावर. गाडी चालू केली. आता दुसरं सिलिंडर ठणठणीत आणि तिसरं मेलेलं. कॉइलबरोबर रोगही सरकला होता. ही परीक्षा इतकी सरळ होती की मी टाळी वाजवणार होतो.

"भोकात लाल-लाल काय आहे?" मी वाकून विचारलं.

"जंग," फय्याज म्हणाला. "पुरानी गाडी हाय, असनच."

ते कुंकू होतं. पण दसऱ्याला बरेच दिवस होऊन गेले होते, पाणी सुकलं होतं, आणि दोन शहाणी माणसं एका भोकात पाहून गंज म्हणत असतील तर कुंकवानं तरी काय करावं?

नवी कॉइल अकोल्याहून आणली. ती लावल्यावर गाडी अशी चालली की मी घराच्या पुढं निघून गेलो आणि परत वळून आलो. उदयसिंगांच्या दारासमोरून तर दोनदा गेलो. माझा आनंद मला आवरेना आणि तिथंच चुकलं, कारण मी तसाच मानोऱ्याकडे वळलो. बाईला सांगायला हवं होतं ना, की सीट पक्की आहे.

बाई शेणानं अंगण सारवत होती. हात धुऊन आली, सीटवर टेकून पाहिलं. मान मागं टाकून डोळे मिटले. "मऊ हाय," म्हणाली. मग म्हणाली, "ट्रक दिवाळीनंतर लगेच हाय. मी बोचकं याच्यात ठेवीन का ट्रकमध्ये?"

"याच्यातच. तुले हात लावाचं काम नाई."

"काय बदललं म्हंतलं तू गाडीत?"

मी दाखवलं. पुन्हा बॉनेट उघडलं, पुन्हा बोट ठेवलं. "नवीन जीव टाकला बाई."

"नवीन सामान टाकलं अन् नारळ नाई फोडला?" ती इतकी घाबरली की मलाच अपराधी वाटलं. खरंच आहे, ट्रॅक्टरला साधा पट्टा बदलला तरी आमच्याकडे नारळ फुटतो. तिनं घरातून नारळ आणला. तांब्याभर पाणी, कुंकू, नारळाचं पाणी, सगळं यथासांग झालं. यावेळी तिनं खोबऱ्याचे बारीक तुकडे करून चारही टोपणांपुढं प्रसाद ठेवला.

परतीच्या वाटेवर गाडी खोकली.

आता माझी इभ्रत गेली होती. मी फय्याजच्या दुकानात शिरलो आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "डुप्लिकेट लावली तू." फय्याजनं पान्हा खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला. "साहेब, आनली तुमी. मी कायले डुप्लिकेट लावीन? मले चोर म्हंता?" मी चोर म्हटलं नव्हतं, पण जवळपास तसंच काहीतरी म्हटलं होतं. तो म्हणाला दुकानदारानं फसवलं. मी अकोल्याला दुकानदाराकडे गेलो. दुकानदार म्हणाला कॉइल वॉरंटीत बदलून देतो, पण गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या मोबाइलवर नंबर येईल, तो सांगा.

गाडी अजून मला ती विकणाऱ्या केनवडच्या रामकिसनच्या नावावर होती. नाव बदलायचा अर्ज मी केव्हाच केला होता. तो "प्रक्रियेत" होता. सरकारी माणूस असल्यानं या शब्दाचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी स्वतः रोज लोकांना तोच शब्द सांगतो.

रामकिसनला फोन लावला तर फोन त्याच्या बायकोकडे. रामकिसन सोयाबीनच्या मळणीवर.

"वैनी, मोबाइलवर एक नंबर आला असन. तेवढा सांगा."

"नाई सांगत," ती म्हणाली. "फोन लावला की आधी फोनातली रेकॉर्डवाली बाई सांगते, कोनाले नंबर सांगू नका म्हनून."

"अवो, मी गोपीचंद. तुमची गाडी घेतलेला."

"सगळे असंच म्हंतात."

एका अर्थानं ती बरोबर होती आणि देशाला अशा बायकांची गरज आहे, पण मला कॉइलची गरज होती. मी दुकानासमोरच्या पायरीवर बसून राहिलो. रामकिसन मळणी संपवून आल्यावर नंबर मिळाला, तोवर त्या नंबराची मुदत संपली होती. दुसरा मागवला. साहेबांकडून रजा घेतली होती ती अर्ध्या दिवसाची होती. साहेब दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गोपीचंद, गाडी तुम्हाला चालवते की तुम्ही गाडीला?" मी हसलो. वरिष्ठांच्या विनोदाला हसावं लागतं.

वॉरंटीची कॉइल फय्याजनंच बसवली, माझ्याशी एक शब्द न बोलता. गाडी पुन्हा लोण्यासारखी. मग आली भाऊबीज. भाऊबीजेला बहिणीकडे जायचं नाही, असं कुठं होतं का? बाईनं मला ओवाळलं आणि मग ताट घेऊन सरळ बॉनेटकडे गेली. "भावाले ओवाळलं, त्याच्या जिवाले नको?" म्हणाली. मी बॉनेटचा लीव्हर ओढला आणि कुंकू, पाणी, खोबऱ्याचा प्रसाद, सगळं पुन्हा झालं. त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. पाणीपुरवठ्यात इतकी नोकरी केलेला माणूस मी. पाणी कुठून निघतं आणि कुठं मुरतं याच्यावर टिपणं लिहितो.

खोकला ठरल्याप्रमाणे सुरू झाला. यावेळी मात्र ट्रक निघायची वेळ जवळ आली होती, म्हणून मी घरी न जाता तडक शेलूबाजारला गेलो. फय्याजनं रागातच कॉइल उपसली आणि कॉइलच्या नळीतून गढूळ लाल पाणी टपटपलं. त्यानं भोकात चिमटा घातला. चिमट्यात एक पांढरा तुकडा आला.

तो त्यानं उजेडात धरला. "साहेब, हे काय हाय?"

"खोबरं," मी म्हणालो.

त्यानं तुकडा हुंगून पाहिला. मग फय्याज जमिनीवर बसला आणि हसला. इतका हसला की शेजारचा चहावाला बघायला आला. हसणं ओसरल्यावर त्यानं समजावलं. जीप, ट्रक, ट्रॅक्टर डिझेलवर चालतात, त्यांना ठिणगीच लागत नाही. त्यांच्यावर घागर ओता, नारळाचं पोतं फोडा, त्यांना काही होत नाही. ही पेट्रोलची. हिला ठिणगी लागते, आणि बाई नेमकी ठिणगीवरच पाणी घालत होती.

"पन बाईले जागा कोनं दाखवली?" त्यानं विचारलं.

मी चहावाल्याला दोन चहा सांगितले.

मी फय्याजची माफी मागितली. त्यानं ती चहाबरोबर घेतली. त्यालाही लाज वाटत होती, कारण कुंकवाला गंज त्यानंच म्हटलं होतं. त्यानं चारही भोकं हवा मारून कोरडी केली, प्लग पुसले, कॉइल तपासून लावल्या. "आता हिच्यावर दुधाचा थेंबही नको पडू देऊ," म्हणाला. गाडी गप्प, गुमान, सुरेख चालत होती.

ट्रक निघायच्या सकाळी मी तांड्यावर पोचलो तेव्हा सामान चढत होतं. बाई नवं लुगडं नेसली होती. तिनं बोचकं उचलून आधीच बाजूला ठेवलं होतं, माझ्या गाडीसाठी. हातात नारळ आणि तांब्या.

मी सगळं ठरवून आलो होतो. पण तिथं उभं राहून, सगळ्या तांड्यासमोर, प्रवासाच्या दिवशी, तुझ्याच पूजेनं गाडी बंद पडत होती हे कोणत्या तोंडानं सांगणार? मी म्हणालो, "बाई, यावेळी चाकाजवळ फोड."

"चाकाजवळ काहून? जीव तं आत हाय. तूच सांगतलं."

"लीव्हर अडकला हाय. बॉनेट खुलत नाई."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही आणि हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नाही. तिनंच मला वाढवलं. तिची नजर गाडीवरून फिरली, चकचकीत पुसलेल्या बॉनेटवरून, निताच्या आग्रहानं घातलेल्या सीटच्या कव्हरवरून.

"गाडी खराब होते काय माह्या कुंकवानं?" ती हळूच म्हणाली. "आता कचेरीतले लोकं बसत असतीन हिच्यात. असू दे."

"तसं नाई बाई..."

"असू दे म्हंतलं ना."

तिनं बोचकं उचललं, ट्रकवर दिलं, आणि चाकावर पाय ठेवून वर चढली. नारळ तिच्या पदरातच राहिला. किशननं माझ्याकडे पाहिलं, पण यावेळी हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

ट्रक निघाला आणि मी गाडी घेऊन मागं. का, ते मला सांगता येणार नाही. घरी जायचा रस्ता तोच होता, एवढंच. माझ्या शेजारची सीट रिकामी होती. समोर, वर, शेळ्यांच्या मध्ये बाईची पाठ दिसत होती, माझ्याकडे केलेली. आणि गाडी! ती इतकी सुंदर चालत होती की मला तिचा राग आला. एकदा तरी खोकली असती तर मी म्हटलं असतं, बघ बाई, हे असं होतं. पण चढ आला, खड्डा आला, मंगरुळपीर गेलं आणि माझी गाडी मात्र हूं की चूं करेना.

शेलूबाजारला ट्रक डिझेलसाठी थांबला. मी गाडी त्याच्या आडवी लावली, उतरलो, लीव्हर ओढला आणि बॉनेट उघडून उभा राहिलो. रस्त्यापलीकडं आपल्या दुकानात फय्याज हातातलं काम सोडून उठला. त्यानं माझ्याकडे पाहून जोरजोरात नाही, नाही अशी मान हलवली.

"बाई," मी ओरडलो, "खुललं! नारळ आन."

ती वरून बघत राहिली. मग उतरली. तिनं चारही कॉइलना कुंकू लावलं, तांब्या रिता केला आणि नारळ फोडला. हा नारळ तर सगळ्यांत पाणीदार निघाला. फय्याजनं तोंड फिरवलं. बाईनं माझ्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा घातला आणि हसून म्हणाली, "पाह्य, सरळ राहा लागते मानसानं. बोचकं उतरवते मी."

तिनं बोचकं मागच्या सीटवर ठेवलं. स्वतः पुढं बसली, पाठ टेकली, पदर सावरला. मी चावी फिरवली. गाडी चालू झाली, अंगभर थरथरली, दोनदा खोकली आणि बंद पडली.

मी पुन्हा फिरवली. पुन्हा. ट्रकचा हॉर्न वाजला. किशन ओरडला, "हिरीबाई, वाट पाहाले जमत नाई. घाट दिवसाच चढा लागते." मी चावी फिरवतच होतो. बाईनं माझ्या हातावर हात ठेवला. "राहू दे गोप्या. तुह्या मनात होतं ना, पुरे झालं. येत्या वर्षी." ती बोचकं घेऊन पुन्हा ट्रकवर चढली. यावेळी तिनं तोंड माझ्याकडे केलं होतं. दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती.

फय्याज आला आणि कॉइल उपसून उन्हात मांडू लागला. आम्ही दोघं त्या सुकायची वाट बघत पायरीवर बसलो. मालेगावच्या पुढं कुठंतरी गेल्यावर बाईचा फोन आला. वाऱ्याचा आवाज, शेळ्यांचा आवाज.

"चालू झाली काय रे?"

मी उन्हातल्या चार काळ्या टोपणांकडे पाहिलं. "झाली," मी म्हणालो.

"मले माहीत होतं," ती म्हणाली. "नारळानं होतेच."